दुसऱ्या पेठेचा विस्तव

प्रताप साळोखे यांना आयुष्यात दोनदा हलगी दाराबाहेर ठेवायला सांगण्यात आलं. पहिल्यांदा वडिलांनी सांगितलं, कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या घराच्या उंबऱ्यावर. दुसऱ्यांदा कोल नावाच्या एका माणसाने सांगितलं, मिशिगनमध्ये, ॲन आर्बरच्या नव्या फुटबॉल ग्राउंडच्या गेटवर. कोलच्या वाक्यात सुरुवातीला ‘सर’ होतं आणि शेवटी ‘एन्जॉय द मॅच’ होतं. मधल्या पन्नास वर्षांत जगाची झालेली सुधारणा ती एवढीच.

पहिल्या प्रसंगाच्या वेळी माझा जन्म झालेला नव्हता. दुसऱ्या वेळी मी काकांच्या शेजारीच उभा होतो, त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

काका म्हणजे गावातल्या सगळ्या मराठी माणसांचे काका. मोटारींच्या सुट्या भागांचे साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांची हयात गेली. तिथून निवृत्त झाल्यावर बहुतेक लोक फ्लोरिडाला जातात किंवा बागेत टोमॅटो लावतात. काकांनी टोमॅटो लावून पाहिले, ते हरणांनी खाल्ले, आणि काकांनी तो विषय संपवला. उरला फुटबॉल. कोल्हापुरात फुटबॉल हा छंद नसतो, पत्ता असतो. तुम्ही कुठल्या पेठेत जन्मलात त्यावरून तुम्ही कुणाचे ते ठरतं, तुमचं मत विचारायची पद्धत नाही. असा माणूस ॲन आर्बरला आला. इथे विद्यापीठाचं लाखभर माणसं बसणारं स्टेडियम आहे, पण तिथला फुटबॉल हाताने खेळतात. काकांनी त्याकडे अनेक वर्षं सभ्यपणे दुर्लक्ष केलं.

मग एका उन्हाळ्यात गाडीतून जाताना एका शाळेमागच्या मैदानावरून त्यांना शिट्टी ऐकू आली. पाय वापरून चाललेला खेळ दिसला. त्यांनी काच खाली करून कडेला उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, कोण खेळतंय. तो म्हणाला, आम्ही, ॲन आर्बर ओक्स, आणि समोर इप्सी युनियन. म्हणजे शेजारचं इप्सिलँटी, ज्याचा पाण्याचा दगडी टॉवर प्रसिद्ध आहे आणि त्या टॉवरच्या आकाराविषयी चारचौघांत बोलत नाहीत.

“तुमचं त्यांचं कसं आहे?” काकांनी विचारलं.

“वी हेट देम,” तो माणूस म्हणाला.

काकांनी गाडी पार्क केली. परक्या देशात एवढं सरळ, ओळखीचं वाक्य त्यांनी तोवर ऐकलं नव्हतं.

ओक्स ही काही मोठी टीम नाही. कुठल्याही नामांकित लीगच्या चारपाच पायऱ्या खाली ती खेळते. सुट्टीवर आलेले कॉलेजचे विद्यार्थी, एक पोस्टमन, दातांच्या दवाखान्यात काम करणारा एक गोलकीपर. पैसे कुणालाच मिळत नाहीत. मैदानाच्या एका बाजूला गवताचा उतार होता आणि त्या उतारावर काका उभे राहून हलगी वाजवायचे.

इथे हलगीविषयी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. हलगीचं कातडं हवेतला ओलावा पितं आणि सैल पडतं. सैल हलगी बोलत नाही, नुसती थपथपते. म्हणून वाजवण्याआधी ती विस्तवावर धरून तापवावी लागते. कातडं ताणलं की कडकडीत आवाज निघतो. कोल्हापुरात उसाचं पाचट पेटवायचे. मिशिगनमध्ये काका गाडीच्या मागे छोटी कोळशाची ग्रिल मांडायचे. मॅचआधी पार्किंगमध्ये चूल पेटवून खाणं हा या गावाचा राष्ट्रधर्म असल्याने कुणाला वावगं वाटलं नाही. फक्त पहिल्या वर्षी एक कुटुंब हातात कागदी प्लेट घेऊन काकांच्या मागे रांगेत उभं राहिलं. विस्तवावर गोल, पिवळसर काहीतरी फिरतंय म्हटल्यावर ती भाकरीसारखी वस्तू असावी असा त्यांचा समज. बऱ्याच वेळाने बाईंनी विचारलं, कधी होणार?

सुलेखाकाकू म्हणाल्या, “लग्न झाल्यापासून बघतोय, अजून झालेलं नाही.” काकूही कोल्हापूरच्या, आणि तिथल्या बायका स्वतःविषयी पुरुषांसारखंच बोलतात, त्यामुळे ‘बघतोय’.

नवीन फायबरची हलगी मिळते, ती तापवावी लागत नाही. मराठी मंडळाने गणपतीसाठी तसलीच घेतली आहे. काकांनी ती एकदा बोटाने वाजवून पाहिली आणि म्हणाले, “बादली चांगली आहे.”

नव्या ग्राउंडचा प्रस्ताव आला तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला काका स्वतः सिटी काउन्सिलच्या सभेत गेले होते. प्रत्येक नागरिकाला तीन मिनिटं. काकांनी दोन मिनिटं भाषण केलं आणि एक मिनिट हलगी वाजवली. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. शेजाऱ्यांना आवाजाचा त्रास होईल असं सांगायला आलेला एक जण काकांनंतर बोलणार होता, त्यानेही वाजवल्या. प्रस्ताव मंजूर झाला. हायवेजवळ, ऑफिसांच्या इमारतींच्या मधोमध, एका गृहकर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव लावलेलं ग्राउंड उभं राहिलं. त्यावर गवत प्लास्टिकचं आहे.

पहिला सामना मुद्दामच युनियनशी ठेवला होता. जूनमधला शनिवार. दुपारी पाऊस पडून गेलेला, हवा ओल्या टॉवेलसारखी. मी काका-काकूंना घरून घेतलं. मागच्या सीटवर काका हलगी मांडीवर घेऊन बसले होते. ग्रिल नव्हती, कारण नव्या पार्किंगमध्ये विस्तवाला बंदी असल्याचा ईमेल आला होता.

“मग तापवणार कशी?” मी विचारलं.

“मास्तर, स्टेडियम आहे म्हटल्यावर किचन असणार. बर्गर काय थंड देतात काय? त्यांच्याकडं दोन मिनिटं धरीन.” मी विद्यापीठात शिकवतो म्हणून काका मला मास्तर म्हणतात. त्यात आदर किती आणि दया किती हे मी कधी मोजलं नाही.

गेटवर कोल भेटला. तिशीचा, हातात टॅबलेट, छातीवर ‘मॅचडे एक्स्पिरियन्स’ असं लिहिलेला बिल्ला. हलगीकडे बघून त्याने अत्यंत दुःखी चेहरा केला. असे चेहरे शिकवून येतात.

“सर, आवाज करणाऱ्या वस्तू आत नेता येत नाहीत. शेजाऱ्यांशी तसा करार आहे.”

त्याच्या डोक्यावर लाउडस्पीकर लावलेला होता. त्यातून इतक्या मोठ्याने गाणं चाललं होतं की हे वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं.

“मी काउन्सिलमध्ये वाजवली होती ही,” काका म्हणाले. “तेव्हा चालली.”

कोलचा चेहरा उजळला. “ते तुम्ही? ऑसम. वी लव्ह दॅट साउंड, सर. तुमच्याशिवाय हे ग्राउंड झालंच नसतं.”

“मग?”

“मग काही नाही. गाडीत ठेवून या. एन्जॉय द मॅच.”

तोपर्यंत दुसऱ्या रांगेत काकूंची झडती सुरू झाली होती. पिशव्या पारदर्शकच हव्यात असा नियम, म्हणून काकूंनी चिवडा पारदर्शक पिशवीत भरून आणला होता. पिशवी पास झाली, चिवडा नापास.

“पिशवी आत न्यायची आणि चिवडा बाहेर?” काकू मला म्हणाल्या. “मग पारदर्शक कशाला पाहिजे? आत काय नाही ते बघायला?”

काका हलगी घेऊन पार्किंगकडे गेले. मी सोबत गेलो. डिकी उघडून त्यांनी ती जुन्या चादरीत गुंडाळली आणि म्हणाले, “आबांनी पण हेच सांगितलेलं. दाराभाईर ठेव म्हणून.”

राग आला की काकांचं मराठी पेठेत परत जातं. आबा म्हणजे त्यांचे वडील, पेठेची फुटबॉल टीम चालवणाऱ्या तालमीचे कार्यकर्ते. सामन्याला पहिल्या रांगेत असत, आणि गोल झाला की हलगीवर नाचायलाही मागेपुढे बघत नसत. फक्त हलगी वाजवायची ती आवळ्यांच्या घरातल्यांनी. साळोख्यांनी तिच्यावर नाचायचं, हात लावायचा नाही. घरचं शास्त्र होतं ते, आणि शास्त्राला कारण विचारत नाहीत. काका बाळू आवळेकडे तालमीच्या मागे चोरून शिकले. शिकून स्वतःची हलगी घरी आणली त्या दिवशी आबांनी ती उंबऱ्याबाहेर ठेवायला लावली. पुढे अमेरिकेला येईपर्यंत ती आवळ्यांच्या भिंतीवर टांगलेली होती. बाळूची आई ती पुसायची.

“बाळूनं दोनच नियम दिलेले,” काका डिकी लावत म्हणाले. “ओली हलगी वाजवायची न्हाई. दुसऱ्या पेठेच्या विस्तवावर तापवायची न्हाई. तापवली तर पहिला हात त्यांच्यासाठी वाजवायचा, मग आपला.”

आत गेलो. खुर्च्या होत्या, आकडे घातलेल्या. काकांनी आयुष्यात फुटबॉल बसून बघितला नव्हता. ते उभे राहिले, तेव्हा मागच्या गृहस्थाने नम्रपणे सांगितलं की त्याला दिसत नाही. ते बसले. समोर भला मोठा स्क्रीन होता आणि त्यावर अक्षरं नाचत होती: ‘मेक सम नॉइज’.

“वाचलंस?” काका काकूंना म्हणाले.

“वाचलं.”

“गेटवर काय म्हणाला तो?”

“आता गप बसा. मॅच बघा.”

मॅच सुरू झाली. ओक्सला पहिला कॉर्नर मिळाला आणि त्याच क्षणी मैदानात हलगी वाजू लागली.

काका ताठ झाले. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो मी विसरणार नाही. “कोण आहे बघ मास्तर. आपल्यातलाच हात आहे. पेठेतला असणार.” त्यांनी मान वळवून सगळीकडे पाहिलं. पार पलीकडच्या स्टँडपर्यंत. कोल्हापूरचा आणखी एक माणूस मिशिगनमध्ये, तोही मॅचला, तोही हलगी घेऊन. कोलच्या हातून तो सुटला कसा, याचंही त्यांना कौतुक वाटलं असावं.

मग त्यांची मान थांबली. ते वर बघू लागले, खांबावरच्या लाउडस्पीकरकडे. आवाज थपथपीत होता. सैल कातड्याचा. आणि मग, हलगीच्या मागून, अख्ख्या ग्राउंडवर, हायवेपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने एका बाईचा आवाज आला:

“अहो! भिजतेय ती! अहो!”

काकूंच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

“हा माझा आवाज आहे,” त्या म्हणाल्या.

होताच. गेल्या मोसमात जुन्या मैदानावर एका सामन्यात मध्येच पाऊस आला होता. काकांनी हलगी शर्टाखाली घ्यायच्या आत ती भिजली होती, आणि काकू उतारावरून ओरडत होत्या. क्लबचा कॅमेरा त्या दिवशी सुरू असणार. बाळूच्या पहिल्या नियमाविरुद्ध काकांनी ती आयुष्यात एकदाच अर्धं मिनिट वाजवली, कारण गोल झाला होता. नेमकं तेच अर्धं मिनिट क्लबने उचललं होतं, आणि आता कोणीतरी वर काचेच्या खोलीत बसून बटण दाबत होतं.

“माझीच हलगी,” काका म्हणाले. “तीबी ओली.”

दुसऱ्या कॉर्नरला पुन्हा. तिसऱ्या वेळेला आमच्या मागच्या रांगेतल्या पोरांनी ‘आहो! आहो!’ म्हणायला सुरुवात केली. त्यांना ती घोषणा वाटली. पाहता पाहता अर्ध्या स्टँडने ती उचलली. माझ्यासमोर बर्गर खाणारा एक म्हातारा हात वर करून सुलेखाकाकूंच्या नवऱ्याला हाक मारत होता. काकू खाली मान घालून बसल्या होत्या. हसताहेत की कसं ते कळत नव्हतं.

मी क्लबची बाजू समजून घेण्याचा प्रयत्न केला. माणूस आत आला तर कधीही वाजवेल, हात दुखला की थांबेल, हरलो तर रडवेल. रेकॉर्डिंग म्हटलं तेव्हा वाजतं, म्हटलं तेव्हा गप्प बसतं, आणि त्याला खुर्ची लागत नाही. हे सगळं मी काकांना सांगणार होतो. तेवढ्यात युनियनने गोल केला.

गोल साधा होता. आमच्या पोस्टमनच्या पायाला लागून चेंडू फिरला आणि आत गेला. स्टँडमध्ये शांतता पसरली. आणि त्या शांततेत वर काचेच्या खोलीतल्या इसमाने, त्याला खेळ कळत नसावा किंवा सवयीने, बटण दाबलं. काकांची हलगी युनियनच्या गोलला वाजली. “अहो! भिजतेय ती!”

काका उठले. मागच्या गृहस्थाने या वेळी तक्रार केली नाही.

“मी चाललो.”

“मी बसतो इथंच,” काकू म्हणाल्या. “तिकीट काढलंय. जागा अडवून ठेवतो.”

गेटवरच्या मुलीने सांगितलं की बाहेर गेलात तर परत आत येता येणार नाही. काका म्हणाले, माहीत आहे. इतक्या शांतपणे म्हणाले की ती बाजूला झाली. मी त्यांच्या मागोमाग निघालो.

ग्राउंडच्या एका टोकाला, गोलच्या मागे, जाळीचं कुंपण आहे. कुंपणापलीकडे काउंटीच्या, म्हणजे सरकारी रस्त्याची गवताळ कड. काका डिकीतून हलगी काढून तिथे गेले तेव्हा तिथे आधीच वीसेक माणसं उभी होती. सगळी इप्सी युनियनची. त्यांचे झेंडे आणि ढोल गेटवर अडवले, म्हणून ती एकजुटीने बाहेरच राहिली होती. मध्ये त्यांची ग्रिल धुमसत होती. ग्रिलमागे लोरेटा. ही बाई पूर्वी शाळेची बस चालवायची. आता निवृत्त आहे, पण आवाज अजून शेवटच्या सीटपर्यंत पोचतो. जुन्या मैदानावर ओक्स-युनियनच्या प्रत्येक डर्बीला ती काकांच्या समोर उभी राहून त्यांना चिडवायची.

“मिस्टर पी!” ती म्हणाली. “आमच्या गोलला तुझा ड्रम वाजला. आम्हाला फार आवडलं. थँक यू.”

तिची माणसं हसली. काकांचा चेहरा असा झाला की लोरेटाचं हसू अर्ध्यावर थांबलं.

“तो मी नव्हतो,” काका इंग्रजीत म्हणाले. मग म्हणाले, “मीच होतो. पण मला विचारलं नाही.”

मी तिला थोडक्यात सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि चिमटा ग्रिलवर आपटला.

“त्यांनी तुझा आवाज घेतला आणि तुला बाहेर काढलं?”

“मी बाहेर स्वतः आलो. हलगीला काढलं.”

“आमच्या बस डेपोत असंच झालं होतं,” लोरेटा म्हणाली. “सेफ्टीच्या व्हिडिओत माझा फोटो होता आणि माझा रूट दुसऱ्याला दिला. वाजव तू. हा रस्ता काउंटीचा आहे.”

काकांनी हलगीवर बोट मारून पाहिलं. थप्प. पावसानंतरच्या दमट हवेने चादरीतसुद्धा कातडं ओलावलं होतं. लोरेटाने ते ऐकलं. जुन्या मैदानावर तिने काकांना अनेकदा तापवताना पाहिलं होतं. तिने चिमट्याने सॉसेजेस एका बाजूला सरकवली. मधोमध निखारे लाल झाले होते.

“घे. सॉसेजचा वास लागेल, बाकी काही नाही.”

काका हलले नाहीत. मला वाटलं, सॉसेजमुळे. मी हळूच म्हटलं, “काका, अंतर ठेवून धरलं तर…”

“वासाचं न्हाई, मास्तर.” ते मराठीत, दबक्या आवाजात बोलत होते, जणू लोरेटाला कळेल. “दुसऱ्या पेठेचा विस्तव आहे. ह्याच्यावर तापवली तर पहिला हात ह्यांच्यासाठी वाजवाया लागतोय. युनियनसाठी. आजच्या दिवशी.”

“कोणाला कळणार आहे? बाळू आवळे काय बघायला आलाय?”

माझं हे वाक्य किती शहाणपणाचं होतं ते काकांच्या नजरेवरून कळलं.

आत ओक्सला कॉर्नर मिळाला. लाउडस्पीकर थपथपला. ‘अहो!’ आणि मागून हजारभर माणसांचं ‘आहो! आहो!’. काकांनी कुंपणातून आत पाहिलं. ओक्सची पोरं त्या सैल तालावर हेलपाटत होती असं मी म्हणणार नाही, खेळ तसाही वाईटच चालला होता. पण काकांना तसंच दिसत असणार.

ते लोरेटाकडे वळले. “तुझ्या कोळशासाठी एक हात वाजवीन. टीमसाठी नाही. तुझ्यासाठी.”

“माझी टीम म्हणजे मीच,” लोरेटा म्हणाली.

काकांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, “ते खरं आहे.”

आणि त्यांनी हलगी निखाऱ्यांवर धरली. हळूहळू फिरवत, तळहाताने कातडं दाबून बघत, कानाशी नेत. वीसेक युनियनवाले गोल करून बघत राहिले. कुणीही कागदी प्लेट काढली नाही. शेवटी काकांनी हातातल्या काठीचं टिपरू मारलं आणि असा आवाज निघाला की कुंपणापलीकडे बसलेली शेवटची रांग एकसाथ मागे वळली.

पहिला हात त्यांनी लोरेटासाठी वाजवला. शब्दाला जागून, कमी न करता, तिच्याकडे तोंड करून. तिची माणसं नाचली. लोरेटा चिमटा हातात धरून नाचली. काकांच्या कपाळावरची शीर उठली होती. चव न आवडलेलं औषध माणूस संपवतो तसं त्यांनी ते संपवलं.

मग ते दहा पावलं बाजूला सरकले, युनियनकडे पाठ केली, कुंपणाला छाती लावून ओक्ससाठी वाजवू लागले.

इथे मी संयमाने लिहायचा प्रयत्न करतो. आतला लाउडस्पीकर मोठा झाला. कोणीतरी बटण दाबून ठेवलं असावं. एका बाजूने ओली हलगी, दुसऱ्या बाजूने तापलेली. दोन्ही काकांच्याच, एक त्यांच्या नावावर नसलेली. गोलकीपर, तो दातांच्या दवाखान्यातला, आमच्या टोकाला नव्हता, पण त्याने पलीकडून हात वर केला. जुन्या मैदानावर तो प्रत्येक मॅचआधी तसा हात करायचा.

कोल कुंपणापाशी आला. धापा टाकत.

“सर, मी तुम्हाला थांबवू शकत नाही, तुम्ही आमच्या जागेत नाही. पण प्लीज. दोन्ही आवाज आदळतायत. ब्रॉडकास्टवर वाईट येतंय.”

काकांचा हात थांबला नाही. “मग त्याला बंद कर. तो मीच आहे.”

“ते रेकॉर्डिंग क्लबचं आहे, सर. ग्राउंडवर जो आवाज होतो त्याचे हक्क तिकीट घेतल्यावर…”

“मी आता ग्राउंडवर नाही.”

“काउंटीचा रस्ता, हनी,” लोरेटा मागून म्हणाली.

कोल उभा राहिला. त्याच्या शिकून आलेल्या चेहऱ्यांमध्ये याला लागू पडेल असा चेहरा नसावा. तो काही बोलणार तेवढ्यात लाउडस्पीकर बंद झाला. हलगीच्या मध्यावर, ‘अहो’चा ‘अ’ निघता निघता. कोलने टॅबलेटकडे पाहिलं, मग वर काचेच्या खोलीकडे, आणि पळत गेला. बंद त्याने केलेला नव्हता.

सामना संपेपर्यंत लाउडस्पीकर बोलला नाही. काका वाजवत राहिले. ओक्सने गोल केला असता तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. त्यांनी केला नाही. एक-शून्यने हरले. शेवटच्या मिनिटाला पोस्टमनने चेंडू बारवरून मारला.

पार्किंगमध्ये काकू भेटल्या. हातात रिकामी पारदर्शक पिशवी.

“आतून बंद कुणी केलं?” मी विचारलं.

“मी गेलो वर त्या खोलीत,” काकू म्हणाल्या. “एक पोरगं होतं बटणावर. म्हटलं, माझ्या नवऱ्याला मी काय हाक मारतो ते गावाला ऐकवायची काय गरज आहे? हा आवाज माझा आहे. त्याला पटेना, मग तिथंच उभं राहून तसंच ओरडून दाखवलं. बसल्या जागी उडालं. केलं बंद.”

काका हलगी पुसत होते. “आत कसा ऐकू येत होता? बाहेरचा, माझा.”

“सुका,” काकू म्हणाल्या.

घरी जाताना काकांनी हलगी परत मांडीवर घेतली. गाडीत सॉसेजचा वास होता.

पुढच्या घरच्या सामन्याला मी गेलो. लाउडस्पीकर परत सुरू होता. क्लबने त्यातून काकूंची हाक तेवढी कापून काढली आहे. ती वैयक्तिक बाब असल्याचं त्यांना पटलं म्हणे. हलगी ठेवली आहे. हलगी ही कुणाची वैयक्तिक बाब असू शकते हे कोणाला सुचलेलं नाही. स्टँडमधली माणसं मात्र योग्य जागी अजूनही ‘आहो’ म्हणतात. त्याला क्लबचा इलाज नाही.

काकू आत बसतात, शेजारची खुर्ची अडवून. कुणी विचारलं तर सांगतात, येतील. काका बाहेर, काउंटीच्या गवतावर, स्वतःची ग्रिल मांडून. कोळसाही स्वतःचा. त्या दिवशी डर्बी नव्हती, युनियनवाले नव्हते, एकटे काकाच. मी गेलो तेव्हा ते हलगी निखाऱ्यावर फिरवत होते आणि आत लाउडस्पीकर थपथपत होता.

“ऐकतोयस?” काका म्हणाले. “अजून ओलीच वाजवत्यात. आरं, निदान चांगली तरी चोरा.”

त्यांनी कातडं कानाशी नेलं, मान हलवली, पुन्हा विस्तवावर धरलं. अजून थोडी तापायची होती.